हॅश केलेला मॅक अ‍ॅड्रेस निनावी नसतो

दुकानातली किंवा प्रदर्शनातली गर्दी मोजायला ईएसपी३२ हा वाय-फाय असलेला, काहीशे रुपयांचा छोटा बोर्ड पुरतो. प्रॉमिस्क्युअस मोडमध्ये (आसपासचे सगळे वाय-फाय संदेश ऐकण्याच्या स्थितीत) टाकला की आसपासचे फोन नेटवर्क शोधताना पाठवतात त्या प्रोब रिक्वेस्ट त्याला ऐकू येतात. त्यांत मॅक अ‍ॅड्रेस, म्हणजे फोनच्या वाय-फायचा ओळख-क्रमांक, असतो. जुन्या फोनांत तर पूर्वी जोडलेल्या नेटवर्कची नावंही असतात, आणि घरच्या वाय-फायला आडनाव देणारे पुष्कळ.

‘आम्ही अ‍ॅड्रेस हॅश करून ठेवतो’ हे मोजणाऱ्यांचं उत्तर अपुरं आहे. हॅश म्हणजे सूत्रानं बनवलेलं सांकेतिक रूप; एकाच अ‍ॅड्रेसचा हॅश नेहमी एकच. अ‍ॅड्रेस ४८ बिटांचा. त्यातले पहिले २४ बिट सहसा उत्पादकाचे आणि त्यांची यादी जाहीर असते. म्हणजे एका उत्पादक-क्रमांकामागे उरतात १,६७,७७,२१६ शक्यता. तेवढे हॅश साधा लॅपटॉप अर्ध्या-एक मिनिटात काढतो, आणि जुळणारा सापडला की मूळ अ‍ॅड्रेस कळतो. म्हणून सॉल्ट, म्हणजे हॅश करण्याआधी अ‍ॅड्रेसमध्ये मिसळायचा गुप्त मजकूर, हवा, आणि तो रोज मध्यरात्री बदललेला, फक्त रॅममध्ये ठेवलेला, फ्लॅशवर (बोर्डाच्या कायमच्या स्मृतीत) कधीच न लिहिलेला. सॉल्ट कायमचा ठेवला तर रोज येणारा माणूस रोज त्याच टोपणनावानं नोंदला जातो. आणि मार्ग हीच ओळख असते: १५ लाख लोकांच्या मोबाइल नोंदींवरच्या २०१३ च्या अभ्यासात, ठिकाण आणि वेळ यांचे चार बिंदू ९५ टक्के लोकांना वेगळं काढायला पुरले.

त्याच वर्षी लंडनमध्ये रस्त्यावरच्या कचरापेट्या येणाऱ्या-जाणाऱ्यांचे फोन टिपत होत्या. सिटी ऑफ लंडननं ते थांबवायला लावलं. २०१६ मध्ये तिथल्या भुयारी रेल्वेनं ५४ स्थानकांवर चार आठवडे अशीच मोजणी केली, पण स्थानकांत फलक लावून. दोन्हींत तंत्र एकच, पण मला दुसरी, फलक लावून मोजायची रीत बरीच जास्त पटते.

आता फोन खोटा, बदलता अ‍ॅड्रेस पाठवतात (आयफोनवर शोधताना २०१४ पासून). त्याचा दुसरा हेक्स (सोळाच्या पायातला) अंक २, ६, ए किंवा ई असतो. त्यामुळे एक फोन चारदा मोजला जातो आणि आकडा फुगतो. मग काही जण सीक्वेन्स नंबर (संदेशांचे अनुक्रमांक) आणि पॅकेटमधल्या इतर खुणा जुळवून फोन पुन्हा ‘शोधून’ काढतात. हे करू नये. ओळख लपवावी म्हणूनच तो अ‍ॅड्रेस बदललेला आहे.

ढोबळ अंदाज पुरत असेल तर पंधरा मिनिटांचा फक्त आकडा साठवा, अ‍ॅड्रेस लगेच पुसा. दहाच्या खालचा आकडा ‘दहापेक्षा कमी’ असा लिहा. उणे ७० डीबीएमपेक्षा (डीबीएम हे सिग्नलच्या ताकदीचं माप) क्षीण सिग्नल टाकून द्या, नाहीतर वरच्या मजल्यावर राहणारेही मोजणीत येतात. नेमकी मर्यादा जागेवर चालून तपासा. दारातून किती आले एवढंच हवं असेल तर इन्फ्रारेड काउंटर लावा, फोनला हात लावायची गरजच नाही.

फलक दाराच्या आत नको, बाहेर हवा. ‘नको असेल तर वाय-फाय बंद करा’ एवढं लिहून भागत नाही. आयफोनच्या कंट्रोल सेंटरमधलं बटण वाय-फाय पूर्ण बंद करत नाही, आणि अँड्रॉइडवर ‘वाय-फाय स्कॅनिंग’ चालू असेल तर वाय-फाय बंद असतानाही फोन नेटवर्क शोधत राहतो. दोन्ही ठिकाणी सेटिंग्जमध्ये जाऊन बंद करावं लागतं, तेही फलकावर लिहा.