लिमासोलचं घर विकताना: मागितलेली किंमत आणि मिळालेली किंमत

आम्ही २००७ साली लिमासोलमध्ये फ्लॅट घेतला तेव्हा सायप्रसमध्ये अजून पौंड चालायचा. करारावरचा आकडा होता १,१८,००० सायप्रस पौंड. पुढच्या जानेवारीत युरो आला आणि ०.५८५२७४ या ठरलेल्या दराने आमचं घर एका रात्रीत सुमारे २,०१,६०० युरोचं झालं. हा आकडा मी पुढे चौदा वर्षं छातीशी धरून बसले. विक्रीत जो घोळ झाला, त्याचं मूळ या आकड्यात आहे.

लिमासोलला मराठी माणूस कशाला जाईल, असं पुण्यात अजूनही विचारतात. उत्तर सोपं आहे: जहाजं. जगभरच्या जहाजांचं व्यवस्थापन बघणाऱ्या कितीतरी कंपन्या या एका शहरात आहेत. आमचे हे चीफ इंजिनिअर होते, मग समुद्र सोडून तिथल्या ऑफिसात सुपरिटेंडेंट झाले. शेजारच्या इमारतीत एक मालवणचे, एक वेंगुर्ल्याचे. गणपतीला पंचवीस-तीस माणसं सहज जमायची.

२०१८ मध्ये सासूबाईंच्या दुखण्यामुळे आम्ही पुण्याला परतलो. फ्लॅट मालवणकरांच्या ओळखीतल्या एका मुलाला भाड्याने दिला. २०२१ च्या ऑगस्टमध्ये तो निघाला आणि आम्ही ठरवलं, आता विकू या. हे नोकरी सोडून येऊ शकत नव्हते, म्हणून मी जायचं ठरलं. माझा व्हिसा ९० दिवसांचा. त्यांच्या वतीने सही करायला मुखत्यारपत्र लागणार होतं. पुण्यात नोटरी, मग मंत्रालय, मग कागद परदेशात चालावा म्हणून परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल शिक्का, एवढं करून कागद पिशवीत घातला आणि दोह्यामार्गे लार्नाकाला उतरले.

घर शहराच्या पूर्वेला, गेर्मासोयियात. तिथे हायवे हीच खरी सीमारेषा. हायवेच्या खाली, समुद्राकडे, हॉटेलं, रशियन पाट्यांची दुकानं, काचेचे मनोरे. हायवेच्या वर चढावर आमच्यासारख्या तीनमजली इमारती, लिंबाची झाडं आणि प्रत्येक गच्चीवर पाणी तापवायच्या सौर टाक्या. समुद्र आमच्या बाल्कनीतून दिसायचा, पण मान जरा डावीकडे वळवावी लागायची. माझ्या जाहिरातीत मी ते मान वळवणं लिहिलं नाही.

किंमत मी स्वतःच ठरवली. मालमत्तेच्या साइटवर दोन बेडरूमचे फ्लॅट बघितले, २,६०,००० ते ३,२०,००० असे आकडे दिसले, आणि मनात म्हटलं, आपण २,७५,००० मागू, घासाघीस करायला जागा राहील. पाच आठवडे गेले. फोन तीन आले. त्यातले दोन एजंटांचेच, घर आमच्याकडे द्या म्हणणारे.

मग ओळखीतून एक बाई भेटल्या. तिथे परवाना असल्याशिवाय घरांची दलाली करता येत नाही, कायदाच आहे तसा. बाईंनी आपला परवाना क्रमांक आधी दाखवला आणि मग कॉफी मागवली. माझा आकडा ऐकून त्या हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. त्यांनी एवढंच विचारलं, "कोपेला मू, हे घर तुम्ही कोणाला विकताय?" कोपेला मू म्हणजे माझ्या पोरी. मी तेव्हा बावन्न वर्षांची.

मी म्हटलं, रशियन घेतील, चिनी घेतील. ३ लाख युरोचं घर घेतलं की कायमचा रहिवासी परवाना मिळतो ना? त्यांनी समजावलं: मिळतो, पण त्यासाठी घर नवं कोरं लागतं, बिल्डरकडून पहिल्यांदाच विकलं जाणारं. जुन्या फ्लॅटवर तो परवाना मिळत नाही. म्हणजे मी ज्या गिऱ्हाइकाची वाट बघत होते, त्याला माझ्या दारात यायचं कारणच नव्हतं. समुद्रावरचे ते मनोरे वेगळ्याच पैशावर उभे राहिले. २० लाख युरोंची घरं घेऊन पासपोर्ट मिळवण्याची योजना होती, ती नोव्हेंबर २०२० मध्ये बंद झाली. तो बाजार आमचा कधीच नव्हता. आम्ही फक्त त्याच्या सावलीत राहत होतो आणि सावलीचेही पैसे मागत होतो.

"आणि साइटवरच्या किमती?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, "ती न विकल्या गेलेल्या घरांची यादी आहे. विकलं गेलेलं घर यादीतून निघून जातं." हे वाक्य ऐकून मला उगाच राग आला, कारण त्यात चूक काढता येईना.

त्यांच्याच सांगण्यावरून एक मूल्यमापन करणारा बोलावला. त्याने आमच्या भागात प्रत्यक्ष नोंदणी झालेले व्यवहार काढले. तिथल्या भूमी खात्यात विक्रीच्या नोंदी असतात, इच्छेचे आकडे नसतात. मग त्याने टेप काढून घर मोजलं. आमच्या २००७ च्या माहितीपत्रकात ९८ चौरस मीटर होतं. टायटल डीडवर, म्हणजे मालकीच्या कागदावर, बंदिस्त क्षेत्र ८१ आणि झाकलेला व्हरांडा १७. पुण्यात कार्पेट आणि बिल्टअपवरून भांडणारी मी, इथे मात्र चौदा वर्षं ९८ सांगत फिरत होते. त्याचा आकडा आला २,२२,०००.

रात्री ह्यांना फोन केला. तिथे आमचं पहिलं भांडण झालं. हे म्हणाले, "अगं, मग फायदाच आहे की. तेव्हा युरो छप्पन रुपये होता, आज चौऱ्याऐंशी आहे." मी म्हटलं, "अहो, आपण पगार युरोत घेतला, हप्ते युरोत फेडले, मग हिशोब रुपयांत कुठून आला?" त्यांच्या वहीत १ कोटी १३ लाखांचे १ कोटी ८६ लाख झाले होते. माझ्या वहीत चौदा वर्षांत वीस हजार युरो. दोन्ही वह्या बरोबर होत्या, म्हणून भांडण लांबलं.

खरं तर २०१३ पाहिलेल्या माणसाने तक्रार करू नये. त्या मार्चमध्ये बँका जवळजवळ दोन आठवडे बंद होत्या. एक मोठी बँक बुडाली, दुसरीत एक लाख युरोच्या वरच्या ठेवींतला ४७.५ टक्के भाग कापून त्याचे शेअर हातात दिले. आमचं एक लाखाच्या वर काही नव्हतं. आयुष्यात एकदाच गरिबीचा फायदा झाला. त्यानंतर आमच्या घराचा भाव दीड लाखाच्या खाली सांगत होते. खालच्या मजल्यावरच्या इंग्रज जोडप्याने तर कर्ज स्विस फ्रँकमध्ये घेतलं होतं, व्याज कमी म्हणून. जानेवारी २०१५ मध्ये फ्रँक उसळला आणि फेडता फेडता त्यांचं कर्ज वाढलं. ते घर सोडून गेले तेव्हा काकू माझ्या गळ्यात पडून रडल्या होत्या.

आणि टायटल डीड! तिथले लोक त्याला कोचानी म्हणतात. आमचे पैसे २००९ मध्ये पूर्ण फिटले, पण कोचानी नाही, कारण बिल्डरने जमीन आधीच बँकेकडे गहाण टाकलेली. अशा अडकलेल्या खरेदीदारांसाठी २०१५ मध्ये कायदा झाला, तेव्हा कुठे २०१७ मध्ये कागद हातात आला. म्हणून विकायला निघाल्यावर कागदांपैकी बाईंनी आधी कोचानीचंच विचारलं आणि मी ती पर्समधून काढून टेबलावर ठेवल्यावर त्यांचा सूर बदलला. कोचानी नसलेलं घर विकता येतं, पण भाव पडतो आणि खरेदीदाराला कर्ज मिळायला अडचण येते.

आम्ही २,३४,००० मागायचं ठरवलं. जाहिरातीचं शीर्षकही त्यांनी बदललं. माझं होतं 'समुद्र दिसणारा फ्लॅट'. त्यांनी लिहिलं: टायटल डीड तयार, झाकलेलं पार्किंग, स्टोअररूम, शाळेजवळ. मला फार कोरडं वाटलं. पण नऊ दिवसांत सहा जण बघून गेले.

सहावं जोडपं तिथलंच, नुकतं लग्न ठरलेलं. घर बघायला मुलीचा बापही आला, आणि पहिल्या पाच मिनिटांत मला कळलं की घर तोच घेणार आहे. सायप्रसमध्ये आईबापांनी मुलीला घर देण्याची जुनी रीत आहे. त्या गृहस्थांनी बाथरूमच्या भिंतींवर बोटाने टकटक केली, सिंकखालचं कपाट उघडलं, गच्चीवर जाऊन सौर टाकीचा गंज पाहिला. इमारतीच्या सामायिक खर्चाची, किनोख्रिस्ताची, थकबाकी कोणाकोणाची आहे ते विचारलं. मला माझे वडील आठवले. ताईचं स्थळ बघायला गेले की ते आधी त्यांची विहीर बघायचे.

त्यांनी २,१०,००० म्हटलं. मी गप्प राहिले, कारण बाईंनी तसं बजावलं होतं. कॉफी आली. मध्यम गोड हवी असेल तर मेत्रियो म्हणायचं, एवढं ग्रीक मला येतं. दुसऱ्या भेटीत २,१८,०००. शेवटी तिन्ही खोल्यांचे एसी, फ्रिज आणि जेवणाचं टेबल धरून २,२४,००० वर हात मिळवला.

इथे संपलं असं वाटलं होतं. पण मुलाच्या बँकेचा माणूस घर बघायला आला आणि मागच्या व्हरांड्यापाशी थांबला. २०१० मध्ये आम्ही तो अ‍ॅल्युमिनियम आणि काचा लावून बंद केला होता आणि तिथे देवघर केलं होतं. परवानगी घ्यावी लागते हे तेव्हा कोणाच्या डोक्यातही आलं नाही. इमारतीत चौघांनी तसंच केलं होतं. तिथे मात्र व्हरांडा बंद केला की बांधकामाचं क्षेत्र वाढतं, आणि मंजूर नकाशात ते बसत नाही. बँक म्हणाली, आधी उघडा, मग कर्ज. १,१०० युरो देऊन काचा काढल्या. समईच्या काजळीचा डाग भिंतीवर तसाच होता. रंगारी बल्गेरियन, तो विचारायला लागला, इथे स्टोव्ह होता का. मी हो म्हटलं.

करार डिसेंबरमध्ये झाला. दहा टक्के वकिलाच्या खात्यात जमा, कराराची प्रत भूमी खात्यात, म्हणजे तेच घर मला दुसऱ्याला विकता येणार नाही. वकील दोघांचे वेगवेगळे असावेत, हे मात्र मी हट्टाने पाळलं. माझा व्हिसा संपत आला होता, म्हणून पुढच्या सह्यांसाठी वकिलाच्या नावे मुखत्यारपत्र करून मी परतले.

भांडवली नफ्यावर तिथे २० टक्के कर आहे. स्वतः राहत असलेल्या घराला तेव्हा आयुष्यात एकदा ८५,४३० युरोची सूट मिळायची. पण आम्ही शेवटची तीन वर्षं भाड्याने दिल्यामुळे ती गेली, राहिली १७,०८६ ची साधी सूट. मी घाबरले होते, ते फुकट. मूळ किंमत महागाईच्या निर्देशांकाने वाढवून धरतात. ती वाढवलेली किंमतच आमच्या विक्रीपेक्षा जास्त निघाली. नफाच नाही, तर कर कशावर? भारतातल्या हिशोबातही तेच झालं: निर्देशांक १२९ चा ३१७ झालेला, तोटाच दिसला. छप्पनचे चौऱ्याऐंशी करणारी ह्यांची वही त्या दिवशी बंद झाली.

एक मात्र भरावं लागलं. फेब्रुवारी २०२१ पासून विक्रीच्या रकमेवर ०.४ टक्का द्यावा लागतो, आमचे ८९६ युरो. तो पैसा १९७४ मध्ये तुर्कस्तानचं सैन्य शिरल्यावर उत्तरेकडून घरं सोडून आलेल्या विस्थापितांसाठीच्या निधीत जातो. बाईंचं माहेर तिकडच्याच फामागुस्ताचं. त्यांच्या वडिलांच्या घराची कोचानी अजून त्यांच्या कपाटात आहे, घर तारेपलीकडे. हे त्यांनी दलालीचं बिल देता देता सांगितलं: चार टक्के आणि त्यावर व्हॅट, १०,६६२ युरो. त्यांच्याशी घासाघीस करायची मी ठरवून गेले होते, ती केली नाही.

९ मार्च २०२२ ला भूमी खात्यात हस्तांतर झालं. पालिका, सांडपाणी मंडळ, पाणी, सगळ्यांचे देणं नसल्याचे दाखले आधी लागतात. खरेदीदारांनी घर दोघांच्या नावावर घेतलं, कारण हस्तांतर शुल्क टप्प्याटप्प्याने चढतं आणि प्रत्येकाच्या हिश्श्यावर वेगळं मोजतात. त्यात सगळ्यांना मिळणारी निम्मी सवलत धरून ७,८०० चे ३,९०० झाले. हा हिशोब मुलीच्या बापाने आधीच करून ठेवला होता.

सगळ्यात जास्त छळलं ते बँकेने. विक्रीचे पैसे आमच्या तिथल्याच खात्यात आले, आणि बँकेने २००७ मध्ये घर कोणत्या पैशाने घेतलं याचे पुरावे मागितले. पंधरा वर्षांपूर्वीच्या पगारपत्रकांच्या प्रती ह्यांच्या माळ्यावरच्या ट्रंकेत सापडल्या, वाळवीने अर्ध्या खाल्लेल्या. अर्ध्या चालल्या.

तोपर्यंत युक्रेनमध्ये युद्ध सुरू झालं होतं. रशिया-युक्रेनमधल्या सॉफ्टवेअर कंपन्या माणसांसकट लिमासोलला यायला लागल्या आणि भाडी भराभर चढली. आम्ही काही आठवडे आधी विकून बसलेलो. एप्रिलमध्ये बाईंचा निरोप आला: एका कंपनीला तातडीने दोन बेडरूमचे फ्लॅट हवे आहेत, गेर्मासोयियाच चालेल, तुमच्याकडे आणखी एखादा आहे का?

मी तो ह्यांना वाचून दाखवला. हे चष्मा पुसत म्हणाले, "कळव तिला, दापोलीला आहे. समुद्र सरळ समोर दिसतो म्हणावं."