‘दहाव्या दिवसापासून नेहमीप्रमाणे डोके धुवावे’

हेअर ट्रान्सप्लांट करून निघताना हातात एक छापील कागद ठेवतात. झोपायचं कसं, गोळ्या कुठल्या, दारू-सिगारेट किती दिवस बंद, हे सगळं त्यात सविस्तर असतं. तळाशी एक ओळ असते: ‘दहाव्या दिवसापासून नेहमीप्रमाणे डोके धुवावे.’ माझा सगळा राग या ओळीवर आहे. टाळूवर अडीच हजार खपल्या, प्रत्येकीखाली एक ग्राफ्ट, म्हणजे मुळासकट लावलेला केसांचा बारीक पुंजका, आणि प्रत्येक ग्राफ्टचे पैसे मोजून दिलेले. अशा डोक्याला ‘नेहमीप्रमाणे’ हात लावणारा माणूस अजून जन्माला यायचाय.

ऑपरेशनच्या दिवसाबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. एफयूई पद्धतीत मागच्या बाजूचे ग्राफ्ट साधारण ०.८ ते १ मिलिमीटरच्या पंचने, म्हणजे गोल पोकळ पात्याने, एकेक करून काढतात आणि पुढे बारीक छेदांत लावतात. भुलीची इंजेक्शनं जोरात टोचतात, नंतर दिवसभर नुसतं पडून राहायचा कंटाळा. घरी जाताना पुढून बटणांचा शर्ट हवा. डोक्यावरून काढायचा टी-शर्ट दहा दिवस कपाटातच राहू द्या.

पहिले तीन दिवस जागेपणी दर अर्ध्या-एक तासाने सलाइनचा स्प्रे. बाटली वीतभर लांब धरायची, म्हणजे फवारा पडतो, धार नाही. झोपताना धड ४५ अंशांत राहील अशा उशा रचायच्या आणि मानेखाली प्रवासातली गोल उशी घ्यायची. सूज तिसऱ्या-चौथ्या दिवशी कपाळावरून डोळ्यांवर उतरते. आरशात बघून दचकायला होतं, पण ऑपरेशनच्या वेळी टाळूत भरलेलं सलाइन आणि भुलीचं औषधच ते, खाली झिरपत आलेलं. फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं कपाळावर ठेवायचा, ग्राफ्टवर कधीच नाही. टाळू बधिर असते, बर्फाने चटका बसला तरी कळत नाही. आठवडाभरात सूज ओसरते. चौथ्या दिवशी ऑफिसची मीटिंग ठेवू नका, एवढंच.

आता खपल्या.

छेदातून झिरपलेलं रक्त आणि चिकट द्राव केसाभोवती वाळतो, त्याची खपली होते. सुरुवातीला ती कातडीला आणि ग्राफ्टला, दोघांनाही धरून असते. २००६ मध्ये बर्नस्टाइन आणि रासमन या डॉक्टरांनी वेगवेगळ्या दिवशी केस आणि खपल्या ओढूनच पाहिल्या. पहिले दोन दिवस केस ओढला की ग्राफ्ट हमखास बाहेर. सहाव्या दिवसापासून नुसता केस ओढून ग्राफ्ट निघेना. चिकटलेली खपली ओढली, तर मात्र पाचव्या दिवसापर्यंत ग्राफ्ट जातच होता. नंतर धोका कमी होत गेला आणि नवव्या दिवशी संपला. कागदावरच्या ‘दहाव्या दिवसा’मागे हे कारण आहे. ते तिथेच छापलं असतं तर किती जणांची झोप वाचली असती!

कारण माहीत नसलं की माणूस दोनपैकी एक चूक करतो. कुणी पाचव्या दिवशी खाजवतो. बहुतेक जण उलटी चूक करतात: घाबरून तीन-तीन आठवडे हातच लावत नाहीत. मग खपलीखाली तेल आणि घाम साचतो, खाज वाढते, लाली रेंगाळते, पुवाच्या पुळ्या येतात. दोन आठवड्यांनंतर ती खपली ग्राफ्टच्या कसल्याही कामाची नसते.

माझ्या मते नीट पद्धत अशी. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीचं पहिलं धुणं क्लिनिकमध्येच करून घ्या आणि ते करताना मोबाइलवर व्हिडिओ काढायला सांगा. हात किती हलका हवा, हे शब्दांत कळत नाही. त्यानंतर आठवडाभर रोज एकदा: छोट्या वाटीत दोन चमचे सौम्य शाम्पू आणि थोडं कोमट पाणी घेऊन फेस करायचा आणि तो फेसच तळहाताने वरून ठेवायचा. चोळायचं नाही. चार-पाच मिनिटांनी मगने, तो डोक्याच्या अगदी जवळ धरून, पाणी सोडायचं. शॉवर बंद. सोसायटीत टँकरचं जड पाणी येत असेल तर फेसासाठी प्यायचं पाणी घ्या. पुसताना टॉवेल फक्त मानेला आणि कानांमागे, वरचा भाग आपोआप वाळू द्या. ड्रायर नको, कारण तेच बधिरपण. भाजेल आणि समजणार नाही.

आठव्या-नवव्या दिवशी फेस दहा मिनिटं ठेवायचा आणि बोटांच्या पेरांनी फक्त दाबून उचलायचं, घासत न्यायचं नाही. दहाव्या दिवशी, डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर, पंधरा मिनिटं भिजवायचं. घड्याळ लावून पंधरा, अंदाजे नाही. सगळी गंमत भिजवण्यात आहे. भिजलेली खपली साईसारखी सुटते, कोरडी भिंतीच्या पोपड्यासारखी निघते आणि खालचं घेऊन येते. भिजल्यावर पेरांनी लहान लहान गोल फिरवत पुढच्या रेषेपासून मागे जायचं, एका जागी दोन-तीन सेकंद, सगळं मिळून दोन-तीन मिनिटं. नखं आदल्या दिवशीच कापून घ्या. एका दिवसात सगळ्या खपल्या जाणार नाहीत. सकाळ-संध्याकाळ केलं की चौदाव्या दिवसापर्यंत टाळू स्वच्छ होते. एखादी हट्टी खपली उरली तर ती उद्यासाठी ठेवा, चिमटीत धरू नका.

आणि मग हातात खपली येते, तिच्यात केस अडकलेला, टोकाला पांढरट गाठ. इथे माणसाचा धीर सुटतो. मी फोटो पाठवला, क्लिनिकच्या काउन्सेलरचं उत्तर आलं, ‘टेन्शन नका घेऊ सर, नॉर्मल आहे.’ दुसऱ्याने कळवलं, ‘चौदा दिवस हात लावू नका.’ एकाच क्लिनिकमधले दोघे! पहिल्याचं बरोबर होतं, पण का ते त्याला सांगता आलं नाही. केसाचा दांडा गळतो, मूळ आत राहतं. ती गाठ म्हणजे गळलेल्या केसाचं टोक. ग्राफ्टच निघाला तर रक्त येतं. रक्त दिसलं तर स्वच्छ गॉज पाच मिनिटं हलकं दाबून धरा आणि डॉक्टरांना फोन करा. काउन्सेलरला नाही, डॉक्टरांना. पैसे भरण्याआधी एकच विचारून घ्या: दहाव्या दिवशी माझं डोकं कोण बघणार? ट्रान्सप्लांट प्रशिक्षित, नोंदणीकृत डॉक्टरनेच करावं असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानेही २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. शस्त्रक्रियेच्या दिवशी दिसलेले डॉक्टर नंतर फोनवर सापडत नसतील, तर काय समजायचं ते समजा.

मागच्या बाजूच्या खपल्या आठवड्या-दीड आठवड्यात पडतात, पण खाज तिथेच जास्त. त्यावर सलाइनचा फवारा चालतो, नख चालत नाही. एफयूटी, म्हणजे मागून कातडीची पट्टी कापून त्यातून ग्राफ्ट काढायची पद्धत असेल तर टाके साधारण १० ते १४ दिवसांनी काढतात.

ताप आला, चौथ्या दिवसानंतर दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं, पू आला किंवा लावलेल्या भागात काळपट डाग पसरताना दिसला, तर फोटो पाठवत बसू नका. त्याच दिवशी जाऊन दाखवा.

बसून करायच्या कामावर तीन-चार दिवसांत जाता येतं. लाली आणि खपल्या कुणाला दिसू नयेत असं वाटत असेल तर दोन आठवडे धरा. पुण्यात खरा प्रश्न दुचाकीचा. हेल्मेट घालता-काढताना पुढच्या रेषेवरच घासतं. सैल हेल्मेट दोन आठवड्यांनी, घट्ट फुल-फेस तीन ते चार आठवड्यांनी, तेही डॉक्टरांना विचारून. तोवर ‘जवळच जायचंय’ म्हणून उघड्या डोक्याने गाडी काढू नका, रिक्षा करा. ग्राफ्टपेक्षा कवटी महाग आहे.

चालणं लगेच चालतं. वजनं उचलणं तीन-चार आठवड्यांनी, पोहणं महिन्याने. घरचे खोबरेल तेलाची वाटी घेऊन मागे लागतील. टाळू पूर्ण भरून आल्याशिवाय तेल नको, आणि खोबरेल लावल्याने ग्राफ्ट लवकर रुजत नाही, हे त्यांना प्रेमाने सांगा. केस वाढायला लावायचं औषध, मिनॉक्सिडिल, आधी चालू असेल तर ते परत कधी सुरू करायचं ते डॉक्टर सांगतील. खपल्या असताना नाहीच, त्यातल्या अल्कोहोलमुळे झोंबतं.

दुसऱ्या ते आठव्या आठवड्यात लावलेले बहुतेक केस गळतात. शेजारचे जुने केसही थोडे जातात. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात डोकं ऑपरेशनच्या आधीपेक्षा वाईट दिसतं. यावर उपाय नाही, वाट बघायची. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बारीक, वाकडे केस डोकावतात, सहाव्या महिन्यापर्यंत साधारण अर्धं चित्र दिसतं, पूर्ण व्हायला वर्ष लागतं. भोवऱ्याचा भाग दीड वर्षापर्यंत वेळ घेतो. मधल्या काळात पुळ्या आल्या तर तो बहुधा कातडीत अडकलेला नवा केस असतो. कोमट पाण्याचं फडकं दिवसातून दोन-तीनदा ठेवा, फोडू नका. संख्या वाढत गेली तर दाखवा.

केस कापायचे तर महिन्यानंतर, लावलेल्या भागावर फक्त कात्री. मशीन मागे चालेल, पुढे अजून काही महिने नाही. आणि सलूनच्या खुर्चीत बसल्या बसल्याच चंपी नको म्हणून सांगा. कापून झालं की न विचारता दोन्ही तळव्यांनी डोकं थोपटायची त्यांना सवय असते.