ब्राउझर आणि टर्मिनल दोन्हीकडे चालणारा स्कीमचा इंटरप्रिटर: माझा अनुभव

स्कीम ही लिस्प घराण्यातली, कंसांनी भरलेली प्रोग्रामिंग भाषा. जावास्क्रिप्टमध्ये तिचा छोटा इंटरप्रिटर (कोड वाचून चालवणारा प्रोग्रॅम) लिहायला घेताना मी आधी फायलींची वाटणी केली. टोकनायझर (मजकुराचे तुकडे पाडणारा), पार्सर (तुकड्यांची रचना लावणारा) आणि इव्हॅल (ती रचना चालवणारा) एका मॉड्यूलमध्ये ठेवले. या मॉड्यूलला वेबपान माहीत नाही, टर्मिनलही नाही. छापायचं फंक्शन त्याला बाहेरून मिळतं. वर ब्राउझरसाठी एक आणि नोडसाठी (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम) एक, अशा दोन पातळ फायली.

कंसांचं पार्सिंग अगदीच किरकोळ. वेळ गेला तो देवनागरी नावांवर. जावास्क्रिप्टच्या रेगेक्समधला (मजकुरातले नमुने शोधायच्या सूत्रांतला) 'शब्दातलं अक्षर' हा वर्ग रोमन अक्षरं, रोमन अंक आणि अंडरस्कोर यांपलीकडे काही ओळखत नाही. युनिकोडचा 'अक्षर' वर्ग घेतला तरी 'किंमत' पहिल्या क नंतर तुटतं, कारण वेलांटी आणि अनुस्वार 'मार्क' वर्गात मोडतात. म्हणून व्याख्या उलटी केली: मोकळी जागा, कंस, अवतरण आणि अर्धविराम सोडून सलग जे येईल ते नाव. त्यावर एनएफसी नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी युनिकोड रूपं एका रूपात आणणं. तरीही 'दऱ्या'मधला ऱ्य दोन प्रकारे टाइप होतो: ऱ ला हलन्त देऊन, किंवा र, हलन्त आणि झीरो विड्थ जॉइनर (न दिसणारं जोडचिन्ह) असा. नॉर्मलायझेशन या दोघांना एक करत नाही. पडद्यावर नाव तेच दिसतं आणि इंटरप्रिटर म्हणतो, व्हेरिएबल सापडलं नाही. दोन्ही रूपं एक करण्याचा बदल टोकनायझरमध्ये हातानेच घालावा लागला.

व्हेरिएबल मॅपमध्ये (जावास्क्रिप्टचा नाव-किंमत जोड्या ठेवायचा प्रकार) ठेवावेत. साध्या ऑब्जेक्टमध्ये 'कन्स्ट्रक्टर' हे नाव कुणी डिफाइन न करताही सापडतं. 'इफ'मध्ये थेट फॉल्सशी तिहेरी बरोबरीने तुलना करावी, कारण स्कीममध्ये ० आणि रिकामी यादी दोन्ही खरी असतात.

खरी मेहनत टेल कॉलची, म्हणजे फंक्शनने अगदी शेवटचं काम म्हणून केलेल्या कॉलची. स्कीममध्ये लूप म्हणजे स्वतःलाच बोलावणारं फंक्शन. इव्हॅल सरळ रिकर्सिव्ह लिहिला, तर १ लाख फेऱ्यांच्या लूपला नोड 'रेंजएरर' देतो, फायरफॉक्स 'टू मच रिकर्शन' म्हणतो. २०१५ च्या जावास्क्रिप्ट मानकात टेल कॉल स्टॅक (अर्धवट राहिलेल्या कॉलची नोंद) न वाढवता चालवायची सोय आहे, पण ती सफारीच्या इंजिनाने अमलात आणली, व्ही८ (क्रोम आणि नोडचं इंजिन) ने नाही. तेव्हा तिच्या भरवशावर राहू नये. मी इव्हॅलचं अंग व्हाइल लूपमध्ये घातलं. 'इफ'ची निवडलेली फांदी, 'बिगिन'चं शेवटचं पद आणि लॅम्डाच्या (स्कीममधल्या फंक्शनच्या) अंगातलं शेवटचं पद इथे इव्हॅल पुन्हा बोलवायचा नाही; एक्सप्रेशन आणि एन्व्हायर्नमेंट (नावं आणि त्यांच्या किमती) ही दोन चलं बदलायची आणि लूपच्या माथ्यावर जायचं. 'कॉन्ड', 'अँड', 'ऑर' विसरले जातात, तेही यातच. टेल नसलेलं खोल रिकर्शन मात्र तरीही कोसळतं. त्याला स्वतःचा स्टॅक लागतो. छोट्या इंटरप्रिटरला तो भार मला पटला नाही.

आकड्यांत २२ चं फॅक्टोरियल काढून पाहावं. जावास्क्रिप्टचा साधा नंबर सगळे अंक न देता १.१२४०००७२७७७७६०७७ई+२१ छापतो. मी पूर्णांक बिगइंटमध्ये (कितीही मोठा पूर्णांक ठेवणारा प्रकार) ठेवले. मग दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. बिगइंट आणि दशांश एकत्र आले की टाइपएरर येतो, म्हणून क्रियेआधी रूपांतर. आणि बिगइंटमध्ये ७ भागिले २ म्हणजे ३, तर स्कीमला ७/२ हवा. त्यासाठी मसावि काढून अपूर्णांकाचा वेगळा प्रकार केला. टायमरला किंवा वेबपानाला आकडा देताना तो परत साधा नंबर करायचा.

ब्राउझरमध्ये स्क्रिप्ट टॅगला अनोळखी टाइप दिला की ब्राउझर त्याला हात लावत नाही; आतला मजकूर वाचून आपण चालवायचा. पण अशा टॅगच्या एसआरसीमधली (फाइलचा पत्ता द्यायची जागा) फाइल ब्राउझर आणतच नाही, ती फेचने (जावास्क्रिप्टचं फाइल मागवायचं फंक्शन) आणावी लागते. पान डबल-क्लिक करून उघडलं असेल तर फेचही अडतो, म्हणून पायथनचा एचटीटीपी सर्व्हर ८००० पोर्टवर लावला.

टर्मिनलवर अनेक ओळींची एक्सप्रेशन घेताना कंस मोजू नयेत. स्ट्रिंग आणि कॉमेंटमधले कंस हिशेब बिघडवतात. पार्सरनेच 'मजकूर अपुरा' असा वेगळा एरर द्यावा, तो आला की पुढची ओळ मागावी. लिनक्सवर 'नोड सापडत नाही' असं उत्तर आलं आणि नोड तर बसवलेला आहे, तर पहिली शीबँग ओळ (फाइल कोणत्या प्रोग्रॅमने चालवायची ते सांगणारी) विंडोजच्या सीआरएलएफने (ओळ संपल्याची खूण) संपते का ते बघा.