साडेतीन अंश

फेब्रुवारी २०२४. लाल समुद्रातल्या हल्ल्यांमुळे युरोपची जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जात होती, म्हणजे द्राक्षांना प्रवास दहा-पंधरा दिवस जादा. गाड्या सोडायचं काम माझं, म्हणून निर्यातदार मला दर तासाला बजावत होता, "गाडी वाटेत थांबवायची नाही." जणू मी हौसेने थांबवतो.

पिंपळगाव ते न्हावा शेवा बंदर सव्वादोनशे किलोमीटर. संध्याकाळी सातला ट्रेलर सोडला. बंदराचं गेट बंद होणार दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला. वेळ भरपूर आहे असं मलाही वाटलं.

रात्री एकला मामांचा फोन. मामा आमचे सगळ्यात जुने ड्रायव्हर, कसारा घाट डोळे मिटून उतरणारे. "भाऊ, भिवंडीच्या अलीकडं एक ट्रेलर आडवा झालाय. काहीच हलत नाही."

अडकणं रोजचंच. पण रीफर, म्हणजे शीतकरणाचा कंटेनर, वाटेत थंड राहतो तो जनसेटवर, म्हणजे डिझेलवर चालणाऱ्या जनरेटरवर, आणि जनसेटला तासाला तीनेक लिटर डिझेल लागतं. यार्डातल्या पोराने कागदावर 'फुल' लिहून सही केली होती. मामांनी टाकीत गज घालून पाहिला, तर तळाशी बोटभर ओल. पहाटे तीनला जनसेट बंद पडला.

इथून मी फोन करण्यापलीकडे काय करणार? मामा गाडी क्लीनरच्या भरवशावर सोडून चालत ढाब्यापर्यंत गेले. तिथल्या एका पोराच्या मोटरसायकलवर दोन कॅन डिझेल आणलं. ते ओतूनही जनसेटचं इंजिन धरेना, डिझेलच्या लाइनने एअर घेतली होती, म्हणजे नळीत हवा शिरली होती. मग मोबाइल दातात धरून नट सैल केला आणि बुडबुडे थांबेपर्यंत हातपंप मारत बसले. सात वाजता फोन आला, "चालू झाला. साडेतीन दाखवतोय." पाहिजे होता शून्य अंश.

दीडला गाडी गेटच्या आत गेली. द्राक्षं नंतर ठीक पोचली, पण तापमान नोंदवणाऱ्या लॉगरमधला तो उंचवटा काही पुसला जात नाही. निर्यातदाराने आलेखावर लाल गोल काढून मेल केला: ड्रायव्हरकडून खुलासा घ्या. खुलासा मी लिहिला, यार्डातल्या सहीच्या फोटोसकट.

मामांचं म्हणणं वेगळंच होतं. "त्या ढाब्यावरच्या पोराला पाचशे दिले, पावती नाही." अकाउंट्सवाले ऐकेनात. पूर्वी असले पैसे टोलात घुसवता यायचे, फास्टॅग आल्यापासून तीही सोय गेली. शेवटी माझ्या खिशातून दिले. मामांनी दोनदा मोजून घेतले.