सात मात्रा, तीन पावलं

परवा पहिल्यांदाच युरोपातली लोकनृत्यं नाचून आले. पोटऱ्या अजून ठणकतायत, पण मनात राहिली आहे ती करंगळी.

सुरुवात झाली ‘आन द्रो’ने. हा नाच फ्रान्समधल्या ब्रिटनीचा, ब्रेटन भाषेत नावाचा अर्थ नुसता ‘फेरा’. ओळीत उभं राहून शेजाऱ्याच्या करंगळीत आपली करंगळी अडकवायची, बस्स, पूर्ण हात धरायचा नाही. डावीकडे सरकत तीन पावलं, मग तीन जागच्या जागी. पाय लवकर बसले. हात बसेनात, कारण त्याच वेळी ते गोल फिरवायचे असतात. माझ्या डावीकडच्या वयस्क बाईंनी काही न बोलता करंगळी जरा आवळली. त्यांचा हात उचलला गेला की माझाही उचलला जायचा. पाच-सहा फेऱ्यांनंतर लक्षात आलं, मी खाली बघणं कधीच सोडलंय! ब्रिटनीत रात्रीच्या फेस्ट-नोजमध्ये, म्हणजे नाचाच्या मेळाव्यात, अनोळखी माणसं अशीच ओळीत सामावली जातात. युनेस्कोने २०१२मध्ये फेस्ट-नोजला आपल्या वारसा यादीत घेतलं. का घेतलं असेल, ते त्या करंगळीने मला सांगितलं.

मग बल्गेरियाचे नाच. प्रावो होरो सरळसाधा निघाला. रचेनित्सा मात्र ७ मात्रांचा, आणि मी इमानाने एक ते सात मोजायला लागले. दर फेरीला मागे! त्या वेगात सात आकडे तोंडात मावतच नाहीत. शिकवणाऱ्या ताई म्हणाल्या, “मोजू नकोस. क्विक, क्विक, स्लो म्हण.” दोन, दोन आणि तीन. मात्रा सात असल्या तरी पावलं तीनच, शेवटचं जरा लांब. एवढं कळलं आणि पायांखालची जमीनच बदलली. पायदुश्कोच्या ५ मात्रा मग आपोआप उलगडल्या: एक आखूड, एक लांब.

शेवटी कोपानित्सा, ११ मात्रा. शेजाऱ्यांचे कमरेचे पट्टे धरून सगळी ओळ एकदम सुटते. दोन, दोन, तीन, दोन, दोन. लांब ठोका बरोबर मधोमध, आणि तो मला ऐकूच येईना. पट्टे सोडले नाहीत, म्हणून ओळीत टिकले. तीन मिनिटांत दोनदा, फक्त दोनदा, पाऊल त्या ठोक्यावर अचूक पडलं.

कालपासून जिना चढताना तोच शोधतेय. आखूड, आखूड, लांब, आखूड, आखूड.