आषाढात आखडलेला पियानो

बेळगावात मृगाचा पाऊस स्थिरावला की आमच्या कॅम्पातल्या घरातला उभा पियानो आखडायला लागतो. सूर वाजतो, पण तारेवर आपटणारा हातोडा, म्हणजे हॅमर, तारेपासून मागे येताना रेंगाळतो, आणि तोच सूर लगेच पुन्हा दाबला तर मुका. यंदा मी स्वतःच तो उघडला.

आधी दोष पट्टीत आहे की हॅमरच्या सांध्यात, हे ठरवलं. पट्टीला हात न लावता हॅमर बोटाने तारेकडे ढकलून सोडला. आळसटत परतला, म्हणजे सांधाच घट्ट. या सांध्यात साधारण सव्वा मिलिमीटर जाडीची पिन असते आणि तिच्याभोवती लोकरी कापडाचं अस्तर, तेच बुशिंग. दमट हवेत लोकर फुगते आणि पिनेला आवळते.

शहापुरात पेट्या दुरुस्त करणारे एक काका आहेत, त्यांना विचारलं. ते म्हणाले, “तेल तेवढं सोडू नकोस बाळा, दोन दिवस सुटेल आणि मग कायमचं चिकटेल.” शंभर टक्के खरं. तेल लोकरीत मुरतं, धूळ धरतं आणि पितळी पिनेवर हिरवी पुटं चढवतं.

स्क्रू सैल करून एकेक हॅमर काढला, क्रमांक तपासून मांडला. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये थोडं पाणी मिसळून बारीक सुईच्या सिरिंजने बुशिंगच्या दोन्ही बाजूंना एकेक थेंब दिला. यातली युक्ती मला फार आवडते: पाण्याने लोकर फुगते, पण पिन हलत नाही, म्हणून लोकर स्वतःतच दबते. सुकल्यावर ती आकसते आणि पिनेला जागा मिळते. अल्कोहोलमुळे पाणी आत पटकन शिरतं. थेंब मोजकाच हवा, कारण सरस भिजला तर अस्तर सुटतं, आणि अल्कोहोल पॉलिशला लागलं तर डाग पडतो. जास्त ढिला झालेला सांधा हॅमरला डुलवतो, मग जाड पिन घालावी लागते.

खरा वेळ वाळवण्यात गेला. पावसात कपडे वाळत नाहीत तिथे लोकर कुठली वाळणार! हॅमर बंद खोलीत बल्बच्या उबेत रात्रभर ठेवले. सकाळी हॅमर हातात धरून फ्लँज, म्हणजे पिनेने त्याला जोडलेला छोटा तुकडा, सोडला, तर तो आपल्याच वजनाने सावकाश खाली आला. एवढंच हवं असतं. काही पिना मात्र हिरव्या निघाल्या. तिथे थेंबाचा उपयोग नाही. पिन काढून, भोक साफ करून नवी बसवावी लागते. ते काम मी जाणत्या ट्यूनरसाठी वेगळं काढून ठेवलं आहे.