काळा पडलेला पाना

रोबो स्पर्धेच्या पहिल्या सकाळी आमच्या पिटमध्ये, म्हणजे रोबो दुरुस्त करायच्या आमच्या जागेत, रोबोच्याही आधी बाहेर निघतो तो एक पाना. दहा-अकराचा, टोकाशी काळा पडलेला, एका कडेला धातू वितळून खळगा झालेला. तो सुतळीने खांबाला टांगायचा, मग बाकीची खोकी उघडायची.

पाना माझा. म्हणजे पराक्रम माझा.

दोन फेऱ्यांमध्ये जेमतेम दहा मिनिटं होती. मी बॅटरीची वायर घट्ट करत होतो. टर्मिनलवर टेप नव्हती, 'नंतर लावू' म्हणून राहिलेली. पाना निसटला आणि दोन्ही टर्मिनलवर आडवा पडला. फट्ट! डोळ्यांपुढे पांढरं झालं, जळका वास आला. चष्मा होता म्हणून डोळे वाचले. सर एवढंच म्हणाले, "बाराच व्होल्ट होते ना रे?"

ते माझंच वाक्य होतं. बारा व्होल्टने काय होतंय, असं मी ज्युनिअर पोरांना ऐटीत सांगायचो. शॉक बसत नाही हे खरं, पण त्या लेड-ॲसिड बॅटरीची दोन टोकं थेट जोडली की शेकडो अँपिअर वाहतात. रोबोवर जास्त करंट गेला की तोडणारा १२० अँपिअरचा मेन ब्रेकर होता की! पण तो बॅटरीनंतर, रोबोकडे जाणाऱ्या वायरवर बसतो. टर्मिनलवरच शॉर्ट झालं तर त्याला बिचाऱ्याला पत्ताही लागत नाही.

त्याआधी सुरक्षेचा तक्ता आमच्याकडेही होता, सुंदर अक्षरातला. परीक्षक दिसले की कपाळावरचे गॉगल डोळ्यांवर यायचे, ते वळले की परत कपाळावर. पुढच्या वर्षी सरांनी तक्ता काढला आणि सेफ्टी कॅप्टन केलं आठवीतल्या एका मुलीला. संघात सगळ्यात लहान. ती "हात वर" म्हणाली की सगळ्यांनी, सरांनीसुद्धा, हात रोबोपासून दूर न्यायचे. कारण नंतर विचारायचं.

पहिले दोन दिवस फार अपमान वाटला. आमचा कोडिंगचा हुकमी एक्का चपला घालून आला, तर तिने त्याला पिटच्या दोरीबाहेर उभं केलं. तो तिथूनच ओरडून आकडे सांगत होता आणि दुसराच कुणी ते टाइप करत होता. सामना हरलो. जेवताना कुणी तिच्याशी बोलेना. सर ताट घेऊन तिच्या शेजारी जाऊन बसले. मला वाटतं, आमच्या संघात सुरक्षा आली ती त्या जेवणापासून.

मग एक वही सुरू झाली, 'थोडक्यात वाचलो'. नाव लिहायचं नाही, काय झालं तेवढंच. 'हवेची टाकी रिकामी न करता नळी ओढली.' टाकीत १२० पीएसआयचा दाब! 'बॅटरी वायरला धरून उचलली.' '"क्लिअर?" म्हणजे सगळे दूर आहेत ना, असं विचारलं, पण उत्तराची वाट न बघता रोबो चालू केला.' रागावणं बंद झालं तशी वही भराभर भरली.

बाकी आठवणी गमतीच्याच. पन्नासेक किलोचं धूड ढकलगाडीवर घेऊन गर्दीतून जाताना "रोबोऽऽट!" म्हणून ओरडायचो, संध्याकाळपर्यंत घसे बसायचे. एका मुलाच्या आजीला चष्म्यावरून गॉगल चढवून पिट दाखवला, तर फोटोलाही त्या तो काढेनात. शेजारच्या संघाची बॅटरी पडून तडकली तेव्हा आमच्या बेकिंग सोड्याच्या डब्याला प्रथमच काम मिळालं. सांडलेल्या ॲसिडवर तो फसफसताना बघायला ही गर्दी! तिला मागे हटवण्यातच निम्मा वेळ गेला.

आता मी त्याच संघाचा मेंटॉर आहे. पान्याची गोष्ट नव्या पोरांना जुनी पोरं सांगतात, मला कुणी विचारत नाही. दरवर्षी ठिणगी थोडी वाढते. यंदा ती छताला लागली होती म्हणे, आणि मी तीन फूट मागे उडालो होतो. मी खाली मान घालून टर्मिनलला टेप गुंडाळत होतो.